विचार चालू असतानाच ऐका: बोधात्मक मानसशास्त्र नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पदवीच्या दुसऱ्या वर्षी बोधात्मक मानसशास्त्रातील ‘समस्या परिहार’ हे प्रकरण मी व्याख्यांसकट पाठ केले होते, आणि तरीही माणूस प्रत्यक्षात विचार कसा करतो याविषयी मला फारसे काही उमगले नव्हते. यंदा या विषयाला बसणाऱ्यांना म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे आहे की प्रत्येक प्रयोगातील कोडे, त्याचे स्पष्टीकरण वाचण्याआधी, स्वतः कागदावर सोडवून पाहावे.

अब्राहम लुचिन्स यांचा 1942 साली प्रसिद्ध झालेला भांड्यांचा प्रयोग घ्या. 21, 127 आणि 3 मापांची तीन भांडी वापरून 100 मापे पाणी मोजायचे असते: मधले भांडे भरायचे, त्यातून पहिले एकदा आणि तिसरे दोनदा भरून काढायचे. याच रीतीने सुटणारी काही कोडी ओळीने सोडवली, की 23, 49 आणि 3 मापांच्या भांड्यांतून 20 मापे मोजतानाही बहुतेक जण तीच लांबची वाट धरतात. 23 मधून 3 काढले की काम होते, हे त्यांच्या नजरेस पडत नाही. मालवणला घरी भावंडांना मी ही कोडी घातली, तेव्हा ज्यांना आधीची कोडी दिली नव्हती त्यांनी शेवटचे चटकन सोडवले आणि सराव झालेले मात्र लांबच्या वाटेनेच गेले. मेंटल सेट, म्हणजे आधी लागू पडलेली रीतच पुन्हा वापरत राहण्याची मनाची ठेवण, काय असते ते मला त्या दुपारी कळले.

प्रकल्पासाठी मी माझ्या मामांना निवडले. ते होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, आहेत. किनाऱ्यापासून दूर, खुणेचे काहीही नसलेल्या पाण्यात जाळ्याची ठरलेली जागा ते कशी शोधतात, असे मी ओटीवर बसून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तां काय सांगूचा, सवयीन कळता.” माझी चूक प्रश्न विचारण्याच्या वेळेत होती. नॉर्मन मायर यांच्या 1931 च्या प्रयोगात छताला टांगलेल्या दोन दोऱ्यांची टोके एकमेकांना बांधायची होती, पण एक धरली की दुसरीपर्यंत हात पोहोचत नसे. प्रयोगकर्त्याने जाता जाता एक दोरी हलवली, की अनेकांना ती लंबकासारखी झुलवण्याची युक्ती सुचे, पण ती कशावरून सुचली हे नंतर त्यांना बहुधा सांगता येत नसे. काम उरकल्यावर दिलेली कारणे अशी अपुरी असू शकतात, आणि विचार चालू असतानाच तो मोठ्याने बोलायला लावण्याची पद्धत अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी 1980 च्या दशकात नीट मांडली ती याचसाठी. त्यांची एक अट नवख्यांकडून हमखास मोडते: सहभागी व्यक्तीला “असे का केले?” असे विचारायचे नाही, कारण स्पष्टीकरण मागितले की विचाराची वाटच बदलते. मनात येईल ते बोलत राहा, एवढेच सांगायचे.

पुढच्या खेपेला मी ध्वनिमुद्रक घेऊन होडीत बसले. मामा तुटक बोलत होते: “देवळाचो कळस माडांच्या भायर इलो”, थोड्या वेळाने “अजून वायच दक्षिणेक”. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, दुसरीकडच्या आणखी दोन खुणांची रेषा जुळवायची, आणि दोन्ही रेषा जिथे छेदतात ती जागा. हवी ती स्थिती आणि आताची स्थिती यांतला फरक पाहून तो टप्प्याटप्प्याने कमी करत जाणे, याला ॲलन न्यूवेल आणि सायमन यांनी साधन-साध्य विश्लेषण म्हटले आहे. सवय म्हणून मामांनी ज्याची बोळवण केली होती, त्यात एवढे काम चालू होते.

ध्वनिमुद्रण उतरवून घेताना मात्र वाक्यांइतकेच लक्ष गप्प राहण्याकडे द्यावे. मामा एकदाच बराच वेळ काही बोलले नाहीत. धुक्यामुळे दुसरी खूण दिसत नव्हती आणि त्यांनी होडी थोडी मागे घेतली होती. पहिल्या मसुद्यात ती जागा मी कोरी सोडली होती. मार्गदर्शक बाईंनी तिथे बोट ठेवून किती सेकंद ते लिहायला सांगितले.