गंगावनाचा गुंता सुटला

आमच्या मालवणात गंगावन, म्हणजे वरून लावायचे केस, आजीच्या काळापासूनचं. माझं मात्र क्लिपवालं, खऱ्या केसांचं. मे महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नात दोन दिवस लावलं, वर खोबरेल चोपडलं आणि तसंच चिवल्याच्या किनाऱ्यावर गेले. घरी येऊन पाहते तर मानेकडचा भाग काथ्यासारखा!

आपल्या केसांना टाळूचं तेल मिळतं, याला मिळत नाही. त्यात खारा वारा, घाम आणि आमच्या विहिरीचं जड पाणी.

टाकून द्यायला जीव होईना. आधी कोरडंच घेतलं. क्लिपकडच्या शिवणीजवळ मुठीत घट्ट धरून, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर वर बोटभर-बोटभर सोडवत गेले. तास गेला, पण एकदाही हिसका दिला नाही, म्हणूनच केस वाचले. मग कोमट पाणी आणि सल्फेट नसलेला शाम्पू. वरून खाली हात फिरवायचा, चोळायचं नाही. कंडिशनर दहा मिनिटं, फक्त मधल्या भागाला नि टोकांना. पंच्यात टिपून पडवीत सावलीला पसरलं.

आता ते लावून झोपत नाही, तेल तर अजिबात नाही. पावसाळ्यात क्लिप पुसून, पूर्ण सुकवूनच डब्यात ठेवते, नाहीतर गंज धरतो.