कॅम्पर व्हॅनचं सरकतं दार अडकलंय? या चुका टाळा

दार अडकलं की एक हात हँडलला झोंबतो आणि दुसरा स्प्रेच्या डब्याकडे जातो. दोन्ही आवरा. दार लॉकमध्ये अडकलंय की रेलमध्ये (ज्या पट्टीतून दार सरकतं तिच्यात), हे आधी ठरवा. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

त्याही आधी गाडी कशी उभी आहे ते बघा. एक चाक फूटपाथवर चढवलं असेल तर बॉडीला पीळ बसतो आणि चांगलं दारही अडतं. येऊरच्या चढावर तोंड उताराकडे करून गाडी लावली, तर दार स्वतःच्या वजनाने पुढे येऊन बोटं चेंगरू शकतात. सपाट जागा, हँडब्रेक, मगच काम.

आता हँडल ओढा. ‘खट्’ होऊन मागची कड थोडी बाहेर सुटली आणि दार तिथेच थांबलं, तर दोष रेलचा. कड हललीच नाही, तर लॉक, केबल किंवा रॉडचा. फक्त आतून उघडत नसेल तर बहुतेक चाइल्ड लॉक लागलेलं असतं: दाराच्या कडेला असलेला छोटा खटका खाली-वर करून बघा. यासाठी दाराचं पॅनेल उतरवणारे कमी नाहीत.

रेलचं प्रकरण जास्त वेळा निघतं. इको किंवा ओम्नीसारख्या व्हॅनला साधारण तीन रेल असतात: वरची छताच्या कडेला, खालची पायरीच्या आत आणि मधली मागच्या पत्र्यावर. वजन मुख्यतः खालची आणि मधली पेलते, वरची दार सरळ ठेवते. ठाणे-बेलापूर रोडची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल खालच्या रेलच्या पुढच्या वळणात बसतो. नेमकं तिथेच रोलर, म्हणजे दाराला बसवलेलं रेलमधलं छोटं चाक, आत वळतो, म्हणून दार उघडताना नीट सरकतं आणि बंद होताना शेवटच्या वीतभरात अडतं.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाण न काढता वरून ग्रीस फासणं. ग्रीस आणि वाळू मिळून पॉलिश पेपरचं काम करतात, रोलर झिजतो. डब्ल्यूडी-४० मुळे दार लगेच हलकं लागतं, पण ते जुनं ग्रीसही पातळ करून घालवतं. गंज सोडवायला ठीक, कायमचं वंगण म्हणून नाही. आधी एक इंची रंगाच्या ब्रशने वळणातली वाळू काढा, व्हॅक्यूम फिरवा, डिझेल लावलेलं फडकं रेलमधून ओढा (आतला गॅस बंद ठेवून), मग कोरडं पुसा. रेलवर सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात द्या आणि रोलरच्या पिनेला चिमूटभर पांढरं लिथियम ग्रीस लावा. रबर बीडिंगला फक्त सिलिकॉन; साध्या ग्रीसने रबर फुगतं. प्रेशर वॉशरचा फवारा रोलरवर थेट मारू नका, पाणी बेअरिंगमध्ये जातं.

साफ करूनही दार खरखरत असेल तर ते अर्धं उघडून मागची कड दोन्ही हातांनी वर उचला. ठळक खेळ जाणवला तर रोलर झिजलाय. नुसता स्ट्रायकर (बॉडीवरचा जो खिळा किंवा कडी दाराचं लॉक पकडतं) वर-खाली करून दार बसवणं म्हणजे आजार सोडून तापाला औषध देणं. आधी रोलर बदला, मग गरज पडली तरच स्ट्रायकरला हात लावा. त्याच्याभोवती मार्करने रेघ मारा, स्क्रू थोडे सैल करा, एका वेळी मिलिमीटरभरच सरकवा आणि दार हळूच लावून बघा. रेघ मारली नाही तर मूळ जागा पुन्हा सापडत नाही. रोलरसाठी दार उतरवावं लागलं तर दुसरा माणूस हवाच.

कॅम्परमध्ये आणखी एक घोळ असतो आणि तो सुताराकडून येतो. पॅनेलिंगचा लांब स्क्रू वरच्या रेलमध्ये किंवा लॉकच्या रॉडवर डोकावतो, जमिनीवरच्या व्हिनाइलची कड खालच्या रेलवर येते, पावसाळ्यात प्लाय फुगून दाराला घासतो. दारावर टेबल किंवा पाण्याचा कॅन टांगला असेल तर तो भार रोलरवरच येतो. तो काढून दार चालवून बघा, मगच नवे रोलर मागवा.