टाइल्सच्या आधी खालचा कोबा लेव्हलला घ्या, मिस्त्रीच्या 'ॲडजस्ट करतो'वर जाऊ नका

आमच्या हॉलमध्ये पोराच्या हातातून गोटी सुटली की थेट टीव्हीखाली. जुनी मोझॅक फरशी, मधे खड्डा, बाल्कनीकडे उतार. नवीन २ बाय २ फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स टाकायचं ठरलं तर मिस्त्री म्हणाला, काही टेन्शन नाही, मालात (म्हणजे टाइलखालच्या सिमेंट-वाळूत) ॲडजस्ट करतो. हे वाक्य ऐकलं की काम तिथेच थांबवा. बेडरूमच्या वेळी मी थांबवलं नव्हतं, मग एका टाइलखाली चार सेंटीमीटर माल आणि पलीकडच्या टाइलखाली जेमतेम एक, जाड माल सुकताना जास्त बसतो त्यामुळे टाइलच्या कडा वरखाली झाल्या, काही ठिकाणी ठोकलं तर पोकळ वाजतं आणि कपाटाच्या एका पायाखाली अजून पुठ्ठ्याची घडी आहे.

तर हॉलला उलटं केलं, आधी कोबा, म्हणजे टाइलखालचा सिमेंट-वाळूचा थर, लेव्हलला आणि मग टाइल. जुनी फरशी खालच्या मालासकट काढली. फरशीवर फरशी पण बसते, पण ती घट्ट असेल तर, आणि दरवाजा खालून कापायची तयारी पाहिजे. शिवाय वजनाचा विचार करा, १०० चौरस फुटांवर एक इंच माल टाकला की साधारण ५०० किलो होतो, तो स्लॅबवर कायमचा बसणार. काढायचं ठरवलं तर सोसायटीला आधी सांगा आणि फोडलेला राडारोडा कुठे टाकायचा ते पण विचारून घ्या, आणि फरशीखालून लाइटचा किंवा पाण्याचा पाइप गेलाय का हे फोडायचं मशीन लावायच्या आधी बघा, नंतर नाही.

आता माप. लेझर नसेल तर पाण्याची लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) मस्त चालते, फक्त आत हवेचा बुडबुडा नको. चारही भिंतींवर एकाच लेव्हलची लाइन मारा, समोरासमोर दोरी ताणा आणि दर दोन फुटांवर दोरीपासून खाली टेप लावून आकडा खडूने तिथेच स्लॅबवर लिहा. आकडा जितका लहान तितकी ती जागा उंच. माझ्याकडे बहुतेक ठिकाणी ९९ ते १०१.५ सेंटीमीटर आणि बेडरूमच्या दाराजवळ एकाच जागी ९८. बघितलं तर जेवणाच्या ताटाएवढा जुन्या काँक्रीटचा गोळा, बांधतानाच सांडलेला असणार. मिस्त्री सगळा हॉल त्या गोळ्याच्या लेव्हलला आणणार होता! छिन्नीने अर्ध्या तासात उडवला आणि दीडशे चौरस फुटांच्या हॉलमधला एक सेंटीमीटर माल वाचला, म्हणजे जवळपास ३०० किलो. म्हणून आधी उंचवटा शोधा, खड्डा नंतर. पण फोडायचा तो वरचा गोळा, मूळ स्लॅब नाही, सळई दिसायला लागली म्हणजे तुम्ही चुकीचं खणताय.

मग भरायचं. एक सेंटीमीटरपेक्षा कमी खड्ड्याला सिमेंट-वाळूचा माल टाकू नका, इतका पातळ थर पापुद्र्यासारखा सुटतो, तिथे सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड (पाण्यात कालवून ओतलं की आपोआप सपाट पसरतं ते) वापरा. आधी प्रायमर, दाराच्या उंबऱ्याशी पट्टी लावून अडवा, पाइपांजवळची भोकं बुजवा आणि पाणी गोणीवर लिहिलंय तेवढंच, मोजून. जरा पातळ करू म्हणून तांब्याभर जास्त ओतलं की वर भुकटी येते आणि थर कच्चा राहतो.

जास्त खोल असेल तर साधा कोबा. स्लॅबला टोचे मारा, धूळ झाडून धुवा, ओला करा (डबकं नको), सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) फिरवा आणि ती ओली असतानाच एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) माल टाका. माल मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे, पाणी गळता कामा नये. आधी पाच-पाच फुटांवर टाइलचे तुकडे मालात बसवून दोरीने लेव्हलला घ्या, मग त्यांच्यावरून ॲल्युमिनियमची पट्टी ओढा, आणि वरून गुळगुळीत घोटू नका, खरखरीतच राहू द्या. पुढे सात दिवस गोणपाट ओलं. घरच्यांची कटकट होते, आमच्याकडे तर तिसऱ्याच दिवशी 'अजून किती' सुरू झालं, पण इथे घाई केली की भेगा.

सुकल्यावर दोन मीटरची सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी फिरवून बघा, खाली ३ मिलीमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे पुन्हा घासा नाहीतर भरा. काठीने ठोकूनही बघा, पोकळ वाजलेला तुकडा काढून परत करायचा. टाइल आणि ॲडहेसिव्ह मिळून साधारण दीड सेंटीमीटर उंची वाढते ती दाराखाली आत्ताच मोजा.

आणि हो, हे सगळं खोल्यांसाठी. बाथरूम आणि बाल्कनीत सपाट नको, तिथे जाळीकडे ढाळ लागतो, आठ फुटांना साधारण एक इंच, आणि तो कोब्यातच काढून घ्यायचा. बादलीभर पाणी ओतून बघा, जाळीपर्यंत गेलं नाही तर मिस्त्रीला त्याच दिवशी परत बोलवा.