‘हे तू कसं केलंस?’ : विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दिवाळी उरकली की तालुक्यातालुक्यांत विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. शिक्षकांनीच एकमेकांच्या शाळा तपासल्या की निकालानंतर कुरबुर होते, त्यामुळे आयोजक बाहेरच्या माणसाच्या शोधात असतात. कॉलेजचे प्राध्यापक, कृषी सहायक, निवृत्त अभियंते, एमआयडीसीतले लोक. मी अन्नप्रक्रिया कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये काम करते आणि अशीच या कामात ओढली गेले. तुम्हालाही यायचं असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात किंवा तालुक्याच्या विज्ञान अध्यापक संघात वेळेवर नाव सांगून ठेवा. गुलाबाचं फूल, चहा-पोहे आणि प्रमाणपत्र नक्की मिळतं. मानधन मिळालंच तर देवाची कृपा.

बोलावणं आलं की आधी विचारा, प्रदर्शन कोणतं? कारण बाहेरून सगळी सारखी दिसतात, पण मोजपट्टी वेगवेगळी असते. तालुका-जिल्हा-राज्य अशी चढत जाणारी नेहमीची प्रदर्शनं एनसीईआरटीच्या (शालेय शिक्षणासाठीची केंद्राची परिषद) चौकटीत चालतात. इन्स्पायर अवॉर्ड मानक ही केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना. तिथे मुलाने आधी कल्पना पाठवलेली असते, निवड झाल्यावर उपकरण बनवायला १०,००० रुपये त्याच्या खात्यात येतात आणि जिल्हा प्रदर्शनात तुम्ही बघायचं ते कल्पनेतलं नावीन्य, समाजाला उपयोग, पर्यावरणाला त्रास नसणं, बाजारात आधीच असलेल्या वस्तूपेक्षा ती सरस आहे का. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते. तिथे उपकरण नसलं तरी चालतं. गावातला एखादा प्रश्न घेऊन मुलांनी मोजमाप, पाहणी, नोंदी काय केल्या ते महत्त्वाचं. या परिषदेच्या प्रकल्पाला ‘चालू मॉडेल कुठंय?’ असं विचारणारे परीक्षक मी पाहिलेत. मुलं बिचारी एकमेकांकडे बघत राहतात.

नेहमीच्या प्रदर्शनाचा गुणतक्ता १०० गुणांचा असतो. त्यात मुलांची स्वतःची सर्जनशीलता २०, नावीन्य १५, वैज्ञानिक विचार १५, कारागिरी १५, उपयुक्तता १५, कमी खर्च-टिकाऊपणा-ने-आण करायची सोय यांना मिळून १० आणि सादरीकरण १०. तुमच्या हातात पडलेल्या कागदावर थोडा फरक असेल तर कागदाचं ऐका. पण एक गोष्ट बघा : कारागिरीला १५ आहेत, म्हणजे चकचकीत रंगवलेलं थर्माकोलचं ‘स्मार्ट व्हिलेज’ त्या रकान्यात गुण घेईल, घेऊ द्या. ते गुण शेजारच्या रकान्यांत सांडू देऊ नका. नव्या परीक्षकाची फसगत बहुतेक वेळा इथेच होते. दिवे लुकलुकले की सगळेच रकाने फुगतात.

आता वेळेचा हिशोब. ६० उपकरणं आणि हातात तीन तास असले तर एका मुलाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात, आणि उद्घाटनाचे पाहुणे उशिरा आले की तीही राहत नाहीत. (ते उशिराच येतात.) म्हणून मी भाषणं चालू असतानाच, पेन खिशात ठेवून, हॉलमध्ये एक चक्कर मारते. कोणती उपकरणं तीनतीनदा आलीत, कुठे काहीतरी वेगळं आहे, एवढंच बघायचं. ही चक्कर न मारता पहिल्या टेबलापासून गुण द्यायला लागलात, तर सकाळच्या मुलांना एका मापाने आणि दुपारच्यांना दुसऱ्या मापाने मोजाल. पहिल्या दहा-बारांचे आकडे मी पेन्सिलीने लिहिते, शेवटी पुन्हा त्यांच्याकडे जाऊन पक्के करते.

टेबलापाशी पोचलात की मूल सुरू होतं : ‘आदरणीय परीक्षक महोदय, माझ्या उपकरणाचे नाव...’ पाठ केलेलं असतं, मधेच थांबवलं की गाडी पुन्हा पहिल्या वाक्यापासून. थोडं ऐकून घ्या, मग म्हणा, ‘छान. आता मला घरी आजीला सांगशील तसं सांग. हे तू कसं केलंस?’ खानदेशातली मुलं अहिराणीत सांगतात, विदर्भातली वऱ्हाडीत, आणि तेव्हा कळतं कुणाच्या डोक्यात काय आहे. मागे मार्गदर्शक शिक्षक उभे असतात, मुलाबरोबर त्यांचेही ओठ हलत असतात. त्यांना हसून सांगायचं, ‘सर, तुम्ही चहा घेऊन या.’

प्रश्न असे हवेत की पाठांतर उपयोगी पडणार नाही, पण विचार करणाऱ्या मुलाला उत्तर सापडेल. सिरिंजवर चालणारा जेसीबी घ्या. तो प्रत्येक प्रदर्शनात असतो, आणि ‘पास्कलचा नियम सांग’ म्हटलं की सगळेच सांगतात. त्याऐवजी विचारा, ‘नळीत पाण्याऐवजी हवा भरली तर?’ काही मुलं तिथल्या तिथे पाणी काढून करून बघतात. हवा दाबली जाते, जेसीबीचा हात लडबडतो, आणि मुलाचा चेहरा बदलतो. या मुलाला वैज्ञानिक विचाराचे गुण द्यायला मी कचरत नाही, भले त्याला नियमाचं नाव आठवत नसो. दुसरा प्रश्न : ‘लहान सिरिंज दाबून मोठी सरकवलीस तर मोठी जास्त सरकेल की कमी?’ मोठी कमी सरकते, पण तिच्यावर जोर जास्त मिळतो. हे ज्याने हाताने अनुभवलंय तो लगेच सांगतो.

अंधांसाठीची सेन्सरची काठीही अशीच ठरलेली. कोड इंटरनेटवरून घेतलेला असतो, त्यात वावगं काही नाही, मोठे अभियंतेही तेच करतात. ‘आत्ता ५० सेंटिमीटरवर वाजते, १ मीटरवर वाजवायची तर काय बदलशील?’ एवढं विचारा. मग ‘पुढे खड्डा असला तर कळेल का?’ आणि शेवटी ‘कुणा अंध माणसाला वापरायला देऊन बघितलीस का?’ या तिसऱ्या प्रश्नाला होकार देणारं मूल विरळा. भेटलं की त्याच्यासमोर जास्त वेळ थांबा, तीन मिनिटांचा नियम गेला खड्ड्यात.

‘फुकट वीज’ तुमच्या वाट्याला येणारच. मोटर डायनॅमो फिरवते, डायनॅमो मोटरला वीज देतो, दिवा कायमचा पेटतो. कुठेतरी बॅटरी असते, कधी लपवलेली, कधी ‘फक्त सुरुवातीला लागते’ म्हणून उघड ठेवलेली. इथे ऊर्जेच्या अक्षय्यतेवर व्याख्यान देऊन मुलाला चारचौघांत उताणं पाडण्यात काहीच मर्दुमकी नाही. आठवीतल्या पोराला ही कल्पना बहुधा मोठ्या माणसानेच दिलेली असते. मी म्हणते, ‘बॅटरी काढ बरं, किती वेळ चालतं बघू.’ थांबतं. ‘का थांबलं असेल?’ घर्षण, तापलेली मोटर असं काही त्याच्या तोंडून आलं तर त्याचे गुण मिळतात. नाही आलं तर वैज्ञानिक विचाराच्या रकान्यात शून्याजवळचा आकडा, जोडणी नीट असेल तर कारागिरीचे गुण पूर्ण.

माझा धंदा मोजमापाचा, त्यामुळे मी नोंदवही मागतेच. आणि नोंदवहीत खाडाखोड शोधते. ‘आधी काय फसलं?’ या प्रश्नावर ज्याच्याकडे सांगायला काही नाही, त्याने बहुधा ते स्वतः केलेलं नसतं. एका प्रदर्शनात दोन मुलींनी शेतकऱ्यांच्या घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती तपासली होती. प्रत्येकाचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, काही दिवसांनी कोंब मोजायचे. ७० टक्क्यांपेक्षा कमी उगवलं तर पेरताना बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागतं, हे त्या शेतकऱ्याला सांगून आल्या होत्या. एका पिशवीचे दाणे त्यांनी दोनदा लावले, कारण पहिल्यांदा गोणपाट वाळलं होतं आणि तो आकडा त्यांना खरा वाटेना. वहीत तो आकडा काट मारून तसाच ठेवलेला. टेबलावर मात्र एक गोणपाट आणि हाताने काढलेला तक्ता, बाकी काही नाही. माझ्या जोडीदार परीक्षकाने त्या दोघींना तळात टाकलं होतं, मी अगदी वर.

अशा वेळी काय करायचं? दोघांनी आधी वेगवेगळे गुण लिहायचे, एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही. मग जिथे मोठी तफावत असेल तिथे त्या टेबलावर दोघांनी मिळून पुन्हा जायचं. सरासरी काढून मोकळं होणं सोपं, पण त्यात गोणपाट हमखास मधल्या क्रमांकावर जातं, जिथे कुणी बघत नाही. आम्ही पुन्हा गेलो, जोडीदाराने वही वाचली आणि आपला आकडा स्वतःच बदलला. मी माझा थोडा खाली आणला, कारण तक्त्यावर अक्षांना नावं नव्हती.

मुलाखतीला किती वजन द्यावं यावर मतभेद आहेत. अमेरिकेत भरणाऱ्या आयसेफ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १०० पैकी ३५ गुण सादरीकरणाचे आणि त्यातले २५ थेट मुलाखतीचे असतात. आपल्याकडचे १० मला कमी वाटतात, पण सर्जनशीलतेचे २० द्यायचे तरी बोलल्याशिवाय कसे देणार? म्हणजे बोलणं सगळ्याच रकान्यांत येतं.

किरकोळ पण टाळू नये असं काही : २३० व्होल्टची उघडी वायर, ॲसिडची बाटली, गॅसची शेगडी दिसली तर गुणांचं नंतर बघा, आधी आयोजकांना सांगून बंद करवा. भाच्याची शाळा किंवा स्वतःची जुनी शाळा असेल तर तेवढी उपकरणं जोडीदाराकडे सोपवा आणि तसं कागदावर लिहा. गुणपत्रिकेवर खाडाखोड झाली तर शेजारी सही करा.

निकालानंतर एखादे शिक्षक तुम्हाला गाठतील, ‘मॅडम, आमचं कुठे कमी पडलं?’ क्रमांकावर बोलू नका, तो विषय संपलेला असतो. म्हणून शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येकाला एक वाक्य तरी लिहून ठेवा, ‘छान’ सोडून. ‘तीन वेळा मोजून बघा’, ‘खर्चाचा हिशोब जोडा’, ‘पाण्याऐवजी हवा घेऊन काय झालं ते लिहा’. आयोजकांकडून तो कागद शाळेपर्यंत जाईल याची खात्री करा, कारण बऱ्याच ठिकाणी तो कपाटात राहतो. मी हल्ली तीच वाक्यं वहीच्या शेवटच्या पानावर, मुलासमोरच लिहून देते.