पीआयडीला शिव्या घालण्याआधी: पीएलसी शिकणाऱ्यांनो, या चुका टाळा

पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा कॉम्प्युटर. पीआयडी म्हणजे त्यातला, तापमान किंवा लेव्हल ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारा ब्लॉक. हे शिकणाऱ्या पोरांचा फोन ठरलेला असतो. "सर, लूप हंट होतोय, गेन किती ठेवू?" म्हणजे रीडिंग झोके घेतंय, पीआयडीच्या दुरुस्तीचा जोर किती ठेवू. मी विचारतो, "ट्रान्समीटर किती मिलीअँप देतोय?" (ट्रान्समीटर म्हणजे मोजमाप करंटच्या रूपात पाठवणारं यंत्र.) पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "ते नाही मोजलं, पण स्क्रीनवर रीडिंग येतंय."

अरे बाबा, वायर तुटली तरी स्क्रीनवर काहीतरी रीडिंग येतंच. माझ्याकडे आलेल्या "पीआयडी बिघडलाय" तक्रारींमध्ये बहुतेक वेळा पीआयडी बिचारा निर्दोष निघाला. घोळ त्याच्या अलीकडे वायरिंगमध्ये होता किंवा पलीकडे व्हॉल्व्हमध्ये. एकदा तर माझ्यातच होता, ते पुढे सांगतो.

मिलीअँप न मोजता ट्यूनिंगला बसणं

टू-वायर ट्रान्समीटरला स्वतःची पॉवर नसते. २४ व्होल्टचा प्लस ट्रान्समीटरच्या प्लसला, ट्रान्समीटरचा मायनस पीएलसीच्या कार्डच्या इनपुटला, कार्डचा कॉमन २४ व्होल्टच्या मायनसला. एकच माळ आहे ती. काही कार्डं ही पॉवर स्वतःच देतात, तेव्हा कार्डचं ड्रॉइंग बघूनच वायर लावा. फोर-वायरवाला करंट स्वतः ढकलतो. त्यालाही लूपची पॉवर दिली की दोन सप्लाय एकमेकांशी भांडत बसतात.

सीमेन्सच्या एस७-३०० पीएलसीच्या अॅनालॉग इनपुट कार्डाच्या कुशीत एक छोटा चौकोनी ठोकळा असतो, त्यावर ए, बी, सी, डी. बी म्हणजे व्होल्टेज, सी फोर-वायर करंट, डी टू-वायर करंट. सॉफ्टवेअरमध्ये टू-वायर निवडून ठोकळा मात्र बी वरच ठेवलेली कार्डं मी इतकी पाहिलीत की मोजणं सोडून दिलं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटून फिरवावा लागतो ना, म्हणून कंटाळा.

आणि "चॅनेल जिवंत आहे का बघतो" म्हणत २४ व्होल्ट थेट करंट इनपुटला टेकवणारे महाभाग! इनपुटचा रेझिस्टन्स २५० ओहम धरला तरी ९६ मिलीअँप होतात. चॅनेल २० साठी बनवलेलं असतं.

माझी सवय अशी. ट्रान्समीटरची वायर सोडवायची, लूप कॅलिब्रेटर (हवा तेवढा करंट देणारं यंत्र) लावायचा आणि ४, १२, २० मिलीअँप द्यायचे, म्हणजे शून्य, अर्धं आणि पूर्ण रीडिंग. सीमेन्सवर रॉ काउंट (कार्डाने दिलेला कच्चा आकडा) ०, १३८२४, २७६४८ दिसले पाहिजेत. हे तीन आकडे जुळेपर्यंत मी पीआयडीची विंडो उघडतच नाही. ४-२० च्या ट्रान्समीटरसाठी चॅनेल ०-२० वर ठेवलं तर रिकामी टाकी २० टक्के भरलेली दिसते आणि अर्धी टाकी ६० टक्के. मग लोक स्केलिंगमध्ये (कच्च्या आकड्याचे टक्के करणारं गणित) काहीतरी वजा करून "जुळवतात". असली जुळवाजुळव दिसली की मी सगळं स्केलिंग पुसून नव्याने लिहायला लावतो.

सिग्नल ४ पासून सुरू होतो तो तुटलेली वायर ओळखता यावी म्हणून. ३.६ मिलीअँपच्या खाली गेला की फॉल्ट धरा आणि आउटपुट सुरक्षित जागी न्या. नाहीतर हीटिंगच्या लूपला तापमान शून्य वाटतं आणि तो खुशाल वाफ पूर्ण सोडतो.

बाकी वायरिंगचं थोडक्यात. शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करा, मी पॅनेलच्या बाजूला करतो आणि फील्डचं टोक कापून टेप मारतो. सिग्नलची केबल ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) मोटर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये झोपवू नका. ड्राइव्ह बंद केल्यावर रीडिंग शांत होत असेल तर फिल्टर वाढवत बसू नका, केबल हलवा. पीटी-१०० (रेझिस्टन्सवरून तापमान सांगणारा सेन्सर) दोन वायरींवर लांब ओढू नका: १.५ स्क्वेअर मिलिमीटरची ४० मीटर केबल जाऊन-येऊन जवळजवळ १ ओहम होते, म्हणजे तापमान अडीच अंश जास्त दिसतं. तिसरी वायर शोभेला दिलेली नसते.

ब्लॉक किती वेळाने चालतो हे न बघणं

सांगलीकडची एक डेअरी. पाश्चरायझरच्या गरम पाण्याचं तापमान झोके घेत होतं, दूध ७२ अंशांच्या खाली गेलं की डायव्हर्शन व्हॉल्व्ह ते परत बॅलन्स टँकमध्ये पाठवत होता. तिथला पोरगा तीन दिवस गेन वर-खाली करत होता. वहीत नोंदी मात्र छान ठेवल्या होत्या.

मी आधी लूप मॅन्युअलला टाकला, वाफेचा व्हॉल्व्ह ४० टक्क्यांवर धरला आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत तापमानाची रेघ सपाट झाली. म्हणजे वाफ ठीक, सेन्सर ठीक, झोके देणारा आतच बसलेला.

ब्लॉक उघडला. एफबी ४१ (सीमेन्सचा तयार पीआयडी ब्लॉक), ओबी ३५ मधून (ठरलेल्या वेळाने चालणारा प्रोग्रॅमचा भाग) कॉल केलेला, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी. पण सायकलचं, म्हणजे दोन कॉलमधल्या वेळेचं, पॅरामीटर न भरल्यामुळे डिफॉल्टच राहिलं होतं: १ सेकंद. प्रत्येक कॉलला ब्लॉक समजायचा की पूर्ण एक सेकंद गेला. पोराने इंटिग्रल टाइम (साचत गेलेली चूक किती वेळात भरून काढायची तो आकडा) ६० सेकंद भरला होता, प्रत्यक्षात तो ६ सेकंदांचा झाला होता. असा लूप कुठल्याही गेनवर कसा थांबणार? सायकलला १०० मिलिसेकंद लिहिले आणि अर्ध्या तासात रेघ सरळ.

"हा ब्लॉक आणला कुठून?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं. पोरगा चाचरत म्हणाला, "सर, तुमच्याच जुन्या प्रोजेक्टमधून कॉपी केलाय." त्या प्रोजेक्टमध्ये ओबी ३५ च १ सेकंदावर ठेवला होता. सायकल मीही भरली नव्हती, योगायोगाने जमून गेलं होतं. चहाचे पैसे मी दिले.

तेव्हापासून कॉपी केलेला ब्लॉक मी नवा समजूनच वाचतो. आणि पीआयडी ओबी १ मध्ये, म्हणजे सतत फिरणाऱ्या मुख्य प्रोग्रॅममध्ये, टाकणाऱ्यांनो, त्याच्या एका फेरीचा वेळ (स्कॅन टाइम) सारखा बदलतो, तिथे इंटिग्रलने वेळ कशावर मोजायचा?

बाकीच्या चुका एकेका ओळीत

डेरिव्हेटिव्ह (बदलाच्या वेगावर चालणारा भाग) लूप बसेपर्यंत शून्य ठेवा. इंटिग्रल टाइम सेकंदांत आहे की मिनिटांत, मॅन्युअल बघा. प्रपोर्शनल बँड म्हणजे गेन नव्हे, ५० टक्के बँड म्हणजे गेन २. कूलिंगच्या लूपला हीटिंगच्या उलट अॅक्शन लागते. आउटपुट लिमिट न लावता इंटिग्रल भरत गेला तर रिकामा व्हायलाही वेळ घेतो.

ऑटोट्यूनचं बटण

गेन वगैरे आपोआप ठरवणारं हे बटण वाईट नाही, पण अडकणाऱ्या व्हॉल्व्हवर दाबलं तर ते अडकणंच शिकून घेतं. म्हणून आधी मॅन्युअलमध्ये आउटपुट एकेक टक्क्याने वाढवतो आणि कोणाला तरी स्टेमकडे (व्हॉल्व्हच्या दांड्याकडे) बघायला उभं करतो. एका साइटवर तीन टक्क्यांपर्यंत स्टेम ढिम्म, चौथ्याला टुणकन उडी. झोके थांबत नाहीत म्हणून तिथे आधी दोनदा ऑटोट्यून मारून झालं होतं. शेजारी उभे असलेले ऑपरेटर मामा म्हणाले, "साहेब, परवा वाफ गळत होती ना, म्हणून फिटरने ग्लँड चांगली आवळलीय."

"हे आधी का नाही सांगितलं मामा?"

"तुम्ही लॅपटॉपमध्ये होता."

फिटरला बोलावून ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचं सील, अर्धा आटा सैल केली. गेनला हात लावावा लागला नाही.