उन्हाळ्यात खुराडं थंड ठेवायचं तर
कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकत पंख अंगापासून लांब धरून बसली की समजायचं आत हवा कोंडलीय. बांधतानाच खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आखूड भिंतींवरच पडतं, लांब बाजूंना खाली फूट-दीड फूट भिंत अन् वर सगळी जाळी, आणि छप्पर दोन्हीकडे 3 फूट तरी पुढे काढा. पत्रा असेल तर वरून चुना मारा. आढ्याजवळ फट हवीच हवी, गरम हवा वर चढते, तिला बाहेर पडायला वाट नको का? रात्री पडदे लावून बंद तर अजिबात करू नका प्लीज. पाणी सावलीत ठेवा, दुपारी बदला, तापलेलं पाणी कोंबड्या कमी पितात.