जुना सीझन बॉल खेळण्यायोग्य आहे का, हे कसे तपासावे

सीझन बॉल म्हणजे क्रिकेटचा कातडी चेंडू. त्यावरची माती कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी आणि तपासणीची सुरुवात शिवणीपासून करावी, कारण धोका बहुतेक तिथेच दडलेला असतो. शिवणीच्या सहाही ओळींवरून नख हळूहळू फिरवावे. दोरा सुटलेला, तुटलेला किंवा कातड्यापासून उचललेला आढळला, तर तो चेंडू नेटमधील फलंदाजीसाठी वापरू नये. अशा शिवणीवर पडलेला चेंडू कसा उसळेल याचा अंदाज चांगल्या फलंदाजालाही येत नाही, आणि सरावात बहुतेकदा लहान मुलेच समोर उभी असतात.

कातड्यावरील ओरखडे आणि उडालेली चकाकी ही साधी झीज होय. मात्र कातडे फाटून त्याची कड उचलली असेल, किंवा दाबल्यावर ते आतल्या भागापासून सुटून सरकत असेल, तर चेंडू बाद समजावा.

आकारासाठी पंचांकडील कड्यांचे मापक, म्हणजे ज्याच्या कड्यांतून चेंडू घालून पाहतात ते साधन, उत्तम. ते नसल्यास गुळगुळीत फरशीवर चेंडू वेगवेगळ्या बाजूंनी सावकाश घरंगळू द्यावा आणि तो डगमगतो का, ते पाहावे. पुरुषांच्या क्रिकेटमधील नव्या चेंडूचा परीघ 22.4 ते 22.86 सेंटिमीटर आणि वजन 155.9 ते 163 ग्रॅम असते. पावसात भिजलेला चेंडू पाणी शोषून जड होतो, म्हणून तो उन्हात न ठेवता सावलीत पूर्ण वाळवूनच तोलावा. शेवटी दोन्ही अंगठ्यांनी सर्व बाजूंनी दाबून पाहावे. एखादीच जागा मऊ लागली, तर आतील बूच किंवा त्यावरील दोऱ्याचे वेष्टन खचले असण्याची शक्यता असते.